आधी परवाना दाखवा, मग सही मागा

मैत्रिणींनो, आज दुसऱ्या कुणाची नाही, माझीच चूक सांगणार आहे. सांगायला थोडी लाज वाटते. पण ही चूक आपल्यातल्या पुष्कळ जणी करत असणार, म्हणून सांगतेच.

आमच्या गल्लीत सहा वर्षांपासून भिशी चालते. धाराशिवच कशाला, कळंबला जा, परांड्याला जा, उमरग्याला जा, गल्लीआड एक भिशी सापडतेच. आमच्या भिशीत अठरा जणी. महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येकीनं पाचशे रुपये आणायचे. जमलेले नऊ हजार ज्याला गरज असेल त्याला व्याजानं द्यायचे. आपल्यातल्या बाईला दोन रुपये शेकडा, बाहेरच्याला तीन रुपये शेकडा. दिवाळीच्या तोंडावर हिशेब करायचा आणि मुद्दल-व्याज सारखं वाटून घ्यायचं. वही माझ्याकडं. माझं अक्षर बरं आणि हिशेब चोख, म्हणून सगळ्यांनी एकमतानं माझ्याकडं दिलेली. मला त्याचा अभिमानही होता.

मागच्या गल्लीतल्या एका बाईला आम्ही बियाण्यासाठी दहा हजार दिले होते. घरची दोन एकर कोरडवाहू जमीन. एका वर्षी पाऊस गेला, दुसऱ्या वर्षी सोयाबीनला भाव नव्हता. मुद्दल काही फिटेना. पण बाई इमानाची, महिन्याला तीनशे रुपये व्याज न चुकता आणून द्यायची. दिवाळी आली तरी खातं बंद झालं नाही, आम्ही ते पुढच्या वर्षात ओढलं. असे वीस महिने गेले. एकविसाव्या महिन्यात व्याज आलं नाही, म्हणून मी तिच्या दारात गेले. आवाज जरा चढलाच माझा. तर तिची कॉलेजात जाणारी लेक बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "काकू, तुमच्याकडं सावकारीचं लायसन हाय का?"

मी हसले. म्हणलं, "अगं, आम्ही कुठल्या सावकार? आम्ही भिशीवाल्या बायका."

"मग तीन रुपये शेकडा कशाचं घेता?"

तिची आई तिला दटावत होती, "गप की गं, वहिनींला असं बोलत्यात का!" पण माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं. घरी आले, पण घास काही गोड लागेना. सावकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं जुन्या सिनेमातला मिशीवाला माणूस येतो. लुगडं नेसलेली, हातात वही धरलेली आणि शेजारणींच्यात 'वहिनी' म्हणवून घेणारी बाई काही येत नाही.

दुसऱ्या दिवशी नात्यातल्या एका वकील भावाला विचारलं. त्यानं जे सांगितलं, ते मी स्वतःही वाचून काढलं. तेच आता तुमच्यापुढं मांडते.

आपल्या राज्यात सावकारीचा जुना कायदा १९४६ सालचा. त्याच्या जागी २०१४ मध्ये महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आला. हा कायदा म्हणतो की कर्ज देण्याचा धंदा करायचा तर परवाना हवाच. मग तो मुख्य धंदा असो की किराणा दुकानाच्या जोडीला केलेला असो. पैसे रोख द्या की वस्तूच्या रूपात द्या, नियम तोच. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेजारणीला अडीनडीला एकदा हातउसने दिले, तर ती सावकारी नव्हे. पण येईल त्याला द्यायचे, दर ठरवायचा, वही ठेवायची आणि वर्षानुवर्षं तेच करायचं, तर त्याला धंदा नाही तर काय म्हणायचं? आम्ही बाहेरच्यांना पैसे देत होतो, ते अगदी असंच होतं.

परवाना मिळवणं म्हणजे काही फार गूढ गोष्ट नाही. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं करायचा. नाव-पत्ता, धंद्याची जागा, कोणत्या भागात धंदा करणार, भांडवल किती घालणार आणि भागीदार असतील तर ते कोण, हे सगळं लिहून द्यायचं. ठरलेली फी भरायची. मग चौकशी होते. अर्जदार आधी कुठल्या गुन्ह्यात सापडलेला आहे का, त्यानं पूर्वी हाच कायदा मोडला आहे का, हे बघतात. शेवटचा निर्णय जिल्हा निबंधकाचा, म्हणजे आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांचा. परवाना एकदा मिळाला म्हणजे जन्माचा झाला असं नाही, दर वर्षी नव्यानं करून घ्यावा लागतो. शिवाय तो ठरलेल्या भागापुरताच असतो. बाईला अर्ज करायला कुठंही मनाई नाही.

परवाना घेतला की जबाबदारी येते. रोकडवही आणि खातेवही ठेवायची. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती द्यायची. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा नाही. व्याजावर व्याज लावायचं नाही. आणि दर सरकारनं ठरवलेलाच. २०१४ मध्ये ठरलेले दर असे आहेत: शेतकऱ्याला तारण घेऊन दिलं तर वर्षाला नऊ टक्के, विनातारण बारा टक्के, बाकीच्यांना तारणावर पंधरा आणि विनातारण अठरा टक्के. एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्या आज्या-पणज्या ज्याला दामदुपट म्हणायच्या, तेच हे.

आता 'तीन रुपये शेकडा' ऐकायला किती गरीब वाटतं! बाराने गुणा की. वर्षाला छत्तीस टक्के होतात. त्या बाईनं दहा हजारांवर वीस महिन्यांत सहा हजार व्याज भरलं होतं. ती शेतकरीण, तारण काही ठेवलेलं नव्हतं. परवाना असलेल्या सावकारानं कायद्यानं तिच्याकडून बारा टक्क्यांनी दोन हजारच घेतले असते. म्हणजे आम्ही चार हजार जास्तीचे खाल्ले. त्या पैशानं दिवाळीला कुणी पैठणी घेतली, कुणी मिक्सर घेतला. मीही घेतलं काही तरी, आता नाव काढायला नको.

तुम्ही म्हणाल, परवाना म्हणजे सरकारी कागद, त्यानं गरिबाला काय फरक पडतो? पडतो, चांगलाच पडतो. २०१५ मध्ये राज्य सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं परवानाधारक सावकारांकडचं कर्ज माफ करायचं ठरवलं. ज्यांनी बिनपरवान्याच्या माणसाकडून पैसे घेतले होते, त्यांचं नाव यादीत कुठून येणार? एवढंच नाही, सावकाराकडं परवाना होता पण त्यानं आपल्या भागाबाहेरच्या शेतकऱ्याला पैसे दिले होते, अशा शेतकऱ्यांचीही त्या वेळी अडचण झाली. चूक सावकाराची आणि फटका कर्जदाराला. आणि उलटी बाजूही ऐका. सावकारानं व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल आणि व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल, तर जिल्हा निबंधकाकडं अर्ज करता येतो. चौकशीत तो व्यवहार सावकारीतला निघाला, तर जमीन परत मिळवून देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. आपल्या जिल्ह्यात किती घरांना हे माहीत आहे?

आता एक दुसरी गोष्ट सांगते. परवान्याच्या कागदाला बायकांनी कसं तोंड दिलं, त्याची. सातारा जिल्ह्यातलं म्हसवड. आपल्यासारखाच दुष्काळी भाग. तिथं रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पैसे साठवायचे होते. बँकेनं खातं उघडून दिलं नाही, रक्कम फार लहान म्हणून. तेव्हा चेतना गाला सिन्हा यांनी आणि गावच्या बायकांनी ठरवलं, आपलीच बँक काढू. रिझर्व्ह बँकेकडं अर्ज गेला. तो नामंजूर झाला. कारण काय, तर बँक काढणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नाही, कागदावर नुसते अंगठे. बायका रडत बसल्या नाहीत. अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की आमच्या लहानपणी शाळा नव्हती हा काही आमचा गुन्हा नाही. वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय तेच करायला सांगा. बघू कोण आधी सांगतं ते! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

ही गोष्ट सांगताना लोक टाळ्या वाजवून मोकळे होतात. मला त्यातलं दुसरंच काही तरी जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या बायकांना कुणी परवान्याशिवायच धंदा सुरू करा असं सुचवलं नसेल का? गल्लीत पैसे फिरवायला कोण अडवतं? आम्ही नाही का सहा वर्षं फिरवले! पण त्यांनी परवान्याचीच वाट धरली. कारण दुसऱ्याचा पैसा हातात घ्यायचा म्हणजे वरून कुणी तरी हिशेब तपासणारं हवं, हे त्यांना उमगलं होतं. अर्ज नाकारला गेला तर त्यांनी भांडण केलं ते परवाना मिळावा म्हणून, तो नसावा म्हणून नव्हे.

वरून तपासणारा असला की काय होतं, ते आपण आपल्याच गावात पाहिलंय. जानेवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तेव्हाच्या उस्मानाबादच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. बँकेकडं पुरेसं भांडवल नाही आणि ते मिळवण्याची शक्यताही दिसत नाही, असं कारण दिलं. गावात केवढी घबराट झाली होती! पण तिला बँकेचा परवाना होता, म्हणूनच ठेवींना विमा होता. माणशी पाच लाखांपर्यंतची ठेव त्या विम्यातून मिळते, आणि नव्याण्णव टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना त्यांची पूर्ण ठेव मिळेल, असं रिझर्व्ह बँकेनं त्याच वेळी सांगितलं होतं. हेच पैसे एखाद्या गोडबोल्या माणसाच्या 'दामदुप्पट' योजनेत असते, तर? हा विमा बँकेलाच असतो बरं का, पतसंस्थेला नसतो. नावात 'बँक' आहे की नाही, एवढं तरी पाटीवर वाचून घ्या.

म्हणून मैत्रिणींनो, पैसे द्यायचे असोत की घ्यायचे, समोरचा कोण आहे हे आधी विचारा. बँक असेल तर तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. पतसंस्था असेल तर सहकार खात्याकडं नोंदणी लागते. दारात येऊन दहा-दहा बायकांना एकत्र बसवून कर्ज देणारी मायक्रोफायनान्स कंपनी असेल, तर तिची रिझर्व्ह बँकेकडं नोंद आहे का ते बघायचं. अशी नवीन वित्त कंपनी काढायला आज स्वतःचे दहा कोटी रुपये दाखवावे लागतात. आणि एकटादुकटा माणूस असेल, तर त्याला सावकारीचा परवाना हवा.

मायक्रोफायनान्सबद्दल थोडं जास्त सांगते, कारण हप्त्याच्या दिवशी तोंड लपवून बसणाऱ्या बायका मी पाहिल्यात. एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम असे आहेत: वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं हे विनातारण कर्ज. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. कर्जाचं कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत द्यायचं. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर यायचं नाही. वसुली ठरलेल्या जागीच. बाई तिथं लागोपाठ दोनदा आली नाही तरच घरी यायचं. शिव्या, धमक्या, नातेवाइकांना फोन, यातलं काहीही चालत नाही. तक्रार करायची तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा फोन आहे. हा आकडा फ्रीजवर नाही तर पिठाच्या डब्यावर लिहून ठेवा. पण एक लक्षात घ्या, नोंद नसलेल्या कंपनीला यातला एकही नियम बांधत नाही. मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपचंही तेच. पाठीमागं कोणती नोंदलेली बँक किंवा कंपनी आहे हे दिसत नसेल, तर हात लावू नका.

आणि आपली भिशी? तिचेही प्रकार आहेत. पाळीपाळीनं प्रत्येकीला सारखीच रक्कम मिळते आणि पुढचे हप्ते सगळ्याच भरत राहतात, तिला १९८२ चा चिट फंड कायदा चिट मानत नाही. पण बोली लावून, रक्कम कमी करून उचलायची भिशी असेल तर ती त्या कायद्यात येते, आणि मग मंजुरी, नोंदणी सगळं आलं. बचत गटाचं पुन्हा वेगळं. १९९२ मध्ये नाबार्डनं पाचशे गटांपासून सुरुवात केली आणि नोंदणी नसलेल्या गटालाही बँकेत खातं उघडता येऊ लागलं. गटात वीसच बायका का, असं कधी मनात आलं का? तेव्हाच्या कंपनी कायद्यात फायद्यासाठी वीसच्या वर माणसं एकत्र आली तर नोंदणी करावी लागायची, म्हणून! गटानं आपल्याच सभासदांची बचत आपल्याच सभासदांना द्यायची, ही गटाची चौकट. आपल्या जिल्ह्याला हे काही नवीन नाही. १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा-लोहाऱ्याकडं स्वयं शिक्षण प्रयोगानं बायकांना एकत्र आणलं, 'माविम' आणि 'उमेद'चे गट तर आता गावोगाव आहेत. बचतीची रीत आपल्याला येते. चुकतो ते चौकटीबाहेर पाय टाकताना.

आता पुन्हा आमच्या भिशीकडं. पाच तारखेला मी सगळं मांडलं. म्हणलं, बाहेरची देणीघेणी बंद करू, आणि त्या बाईचे जास्तीचे चार हजार मुद्दलातून वजा करू. एकच गलका झाला. एक जण म्हणाली, "तिनं राजीखुशीनं घेतले होते, आपण काय तिच्या घरी गेलो होतो का?" दुसरी म्हणाली, "बँकेनं दिले असते का तिला? आपण दिले, ते विसरलीस होय?" खरं सांगते, या दुसरीचं म्हणणं मला खोडून काढता आलं नाही. बँकेनं दिलेच नसते. तिची अडचण खोटी नव्हती आणि आमची मदतही सगळी खोटी नव्हती. पण मदत म्हणायचं आणि कायदेशीर सावकाराच्या तिप्पट व्याज घ्यायचं, हे दोन्ही एका वहीत बसत नाही. शेवटी आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मावशी बोलल्या. त्यांचं माहेरचं शेत सावकारानं गिळलेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या बापाच्या दारात असाच एक जण उभा राहायचा गं बायांनो. आवाज चढवून." मी मान खाली घातली.

चार हजारांचे अठरा भाग केले तर एकीच्या वाट्याला सव्वादोनशे सुद्धा येत नव्हते. तेवढ्यासाठी दोघींनी भिशी सोडली, त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. उरलेल्या सोळा जणींचा आम्ही बचत गट केला. बँकेत खातं काढलं, तिघींच्या नावावर. वही दर महिन्याला सगळ्यांपुढं वाचायची, आणि वर्षाला ती फिरती. त्या बाईकडं मी स्वतः गेले. वकील भावानं आधीच बजावलं होतं की परवाना नसलेल्याला कोर्टातून वसुलीचा हुकूमही मिळत नाही. मी तिला तेही सांगितलं. म्हणलं, सहा हजार उरतात, व्याज बंद, जमेल तसे दे. ती म्हणाली, "वहिनी, घेतलेलं बुडवायचं नाही मला." सुगीनंतर तिनं सगळे आणून दिले. तिच्या लेकीनं ते मोजून माझ्या हातात ठेवले आणि पावती मागितली. मी ती लिहून दिली. सहा वर्षांत पहिलीच पावती.

सरकारलाही माझं एक सांगणं आहे. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नव्या नागरी सहकारी बँकांना परवाने देणं थांबवलं. वित्त कंपनीला दहा कोटी. म्हणजे म्हसवडच्या बायकांसारखं आज कुणी धाराशिवात उभं राहायचं म्हटलं, तर दार कुठलं ठोठवायचं? लोकांचा पैसा घेणाऱ्यावर अटी कडकच हव्यात, त्याबद्दल वाद नाही. पण अटी कडक आणि कर्जाची सोय नाही, असं झालं की मधल्या मोकळ्या जागेत बिनपरवान्याचा सावकार येऊन बसतो. कधी तो मिशीवाला असतो, कधी माझ्यासारखा. निदान एवढं तरी करा: प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि बाजाराच्या ठिकाणी परवानाधारक सावकारांची यादी आणि व्याजाचे दर मोठ्या अक्षरांत, मराठीत लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ग्रामसभेत वाचून दाखवा.

आणि आपण? कुणी कागद पुढं केला आणि म्हणालं, 'ताई, इथं सही करा,' तर लाजायचं नाही. डोळे वर करून विचारायचं, "आधी तुमचा परवाना दाखवा." समोरचा चिडला तर समजून जायचं. आणि वही आपल्याच हातात असेल, तर हाच प्रश्न आरशापुढं उभं राहून विचारायचा. मला तो एका शेजारच्या पोरीनं विचारला, तुम्ही तेवढा उशीर करू नका.